हवेवर चालणारी हत्यारं

इंग्लंडातल्या आमच्या लेस्टरच्या घरात हवेचा कंप्रेसर कोणता घ्यायचा यावर जेवढी चर्चा झाली तेवढी पुढे माझ्या लग्नावरही झाली नाही. लग्नाच्या वेळी आईनं एकच प्रश्न विचारला, बाबांनी तर तोही नाही. कंप्रेसरचं मात्र जेवणाच्या टेबलावर रोज निघायचं. ताटात आमटी-भात, मधे लोणच्याची बरणी आणि बरणीला टेकवून उभा केलेला हत्यारांचा कॅटलॉग. बाबा डाव्या हातानं पान उलटायचे, कारण उजवा खरकटा. "हे बघ, बॉक्सवर केवढं ठळक लिहिलंय, तीन हॉर्सपॉवर! तुझं हॉर्सपॉवर कुणी विचारलंय? मिनिटाला हवा किती देतोस ते बोल ना लेका." कॅटलॉगशी ते असे एकेरीवर येऊन भांडत. आई पोळी वाढता वाढता म्हणायची, "अहो, तो ऐकत नाहीये. जेवा."

बाबा विणकामाची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात टूलरूमला होते. तो कारखाना बंद पडला आणि घर आईच्या पगारावर आलं. आई हॉस्पिटलच्या टेलिफोन स्विचबोर्डवर होती. कानावर हेडसेट लावून दिवसभर माणसांना माणसांशी जोडून द्यायचं हे तिचं काम. पलीकडचा माणूस नुसता श्वास घेताना ऐकून हा डॉक्टर आहे की घाबरलेला नातेवाईक, हे तिला कळत असे. घरी ती हॉलमध्ये बसून सांगायची, "दूध वर येतंय, गॅस बंद कर," आणि मी किचनमध्ये धावत जाईपर्यंत साय खरंच काठाला आलेली असायची. त्या कानांचं आम्हाला कौतुकही होतं आणि धाकही. मी जिन्यावर कितीही हळू चालले तरी तिला माझं घरी उशिरा येणं कळायचं.

घरी बसलेल्या बाबांनी आधी सगळी बिजागरं दुरुस्त केली, मग न बिघडलेली बिजागरंही दुरुस्त केली. ते कमी बोलायला लागले. मग एके दिवशी त्यांनी घराला लागून असलेल्या गॅरेजचा विषय काढला. लोकांच्या गाड्यांचे ब्रेक, चाकं, पुढे जमलं तर थोडं पत्र्याचं आणि स्प्रेचं काम. आई बराच वेळ कणीक मळत राहिली. "करा," ती म्हणाली, "पण एक सांगते. तिथे काही फुटलं, कुणाला इजा झाली, तर त्या दिवशी गॅरेजला कुलूप. मग मला समजवायला यायचं नाही." बाबा म्हणाले, "मंजूर." मीही मान डोलावली, मला कुणी विचारलं नव्हतं तरी. आईचं 'कुलूप' म्हणजे कुलूपच असे. त्यामुळे त्या गॅरेजात पान्हा नुसता खाली पडला तरी आम्ही दोघं आधी घराकडच्या दाराकडे बघायचो.

मी तेव्हा ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला होते. माझ्या मैत्रिणी शनिवारी टाउनमध्ये जायच्या, मी बाबांबरोबर हत्यारांच्या दुकानात. दुकानदार आम्हाला ओळखायला लागला होता आणि आम्ही दिसलो की चहा करायला आत जायचा, कारण आता तासभर काही विकलं जाणार नाही हे त्याला ठाऊक असायचं. बाबांची निवडायची रीत ठरलेली होती. हवेवर चालणारी गन हातात घेतली की आधी तिचा दांडा बोटांनी फिरवायचा, अडखळतो का बघायचं. मग हवा जिथून बाहेर पडते तिथे नाक लावायचं. तेलाचा वास आला तर बरं, गंजाचा आला तर खाली ठेवायची. मग दुकानदाराला एकच प्रश्न: आतल्या पट्ट्या झिजल्या की सुट्या मिळतात का? तो नाही म्हणाला की विषय संपला. "जे उघडता येत नाही ते विश्वासाचं नाही," असं ते मला मराठीत म्हणायचे आणि दुकानदाराकडे बघून हसायचे. मोठ्या पेटीतला स्वस्त सेट मला फार आवडला होता, लाल पेटी, आत पंधरा-वीस चकचकीत वस्तू. त्यांनी त्याऐवजी एकच गन घेतली, नटबोल्ट सोडवायची, जिला इथले मेकॅनिक विंडी गन म्हणतात, आणि तिच्यासाठी तेलाची बाटली. वापरण्याआधी रोज तिला दोन थेंब तेल, आणि पुढे कंप्रेसर आल्यावर संध्याकाळी त्याच्या टाकीत साचलेलं पाणी काढायचं. ते काम माझं होतं.

परवा माझ्या वॉटफर्डच्या घरामागच्या शेडसाठी मी कंप्रेसर बघत होते. आता तो फ्रिजपेक्षा हळू आवाज करतो आणि तेलही लागत नाही. स्क्रीनवर हजारो लोकांची मतं, पाच तारे, एक तारा. मी सगळं वाचलं आणि शेवटी पान खाली सरकवत एकाच गोष्टीचा फोटो शोधत राहिले. सेफ्टी व्हॉल्व्हचा. तो कुणीच नीट दाखवत नाही.

आमचा कंप्रेसर दिनूकाकांनी शोधला. ते नागपूरचे, बाबांचे इथले पहिले दोस्त, एक्स-रे विभागात कामाला. ओळखीतलं एक बॉडीशॉप, गाड्यांचा पत्रा ठोकून रंगवून देणारं, बंद होत होतं. "काहून विचार करून राहिला बे वसंता," ते म्हणाले, "पोरीचं स्थळ आहे का हे? घेऊन टाक." बाबांनी तरी दोन वेळा जाऊन तो बघितला. नवा, हलका, गोंगाट करणारा घ्यायचा की हा जुना, बिडाच्या पंपाचा, पट्ट्यावर संथ चालणारा? त्यांनी जुना निवडला. निवड बरोबर होती, हे मी आज पन्नाशी ओलांडल्यावर आणि जन्मभर इंजिनिअरिंग करून सांगते आहे. फक्त टाकी आणि पंप चांगले असले तरी त्याचा प्रेशर स्विच म्हातारा झाला होता, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थोडा सू सू करत होता. पहिल्याच दिवशी बाबांनी माझं बोट धरून ते दोन्ही दाखवले. "टाकी भरली की हा स्विच मोटर बंद करतो. हा चुकला तर हा व्हॉल्व्ह हवा सोडून देतो. आणि हा चुकला तर…" त्यांनी टाकीवर टिचकी मारली. रोज सकाळी ते व्हॉल्व्हची रिंग ओढायचे. फस्स करून हवा सुटायची आणि मगच ते कामाला लागायचे. देवाला नमस्कार केल्यासारखं होतं ते.

काम येऊ लागलं. बाबा पुन्हा बोलायला लागले, शिट्टी वाजवायला लागले. पण व्हॉल्व्हची गळती वाढत गेली. हवा गळायची म्हणून मोटर थोड्या थोड्या वेळानं आपोआप सुरू व्हायची, आणि शेजारच्या मिसेस पिअर्सन भिंतीवर ठोकायच्या. एकदा त्या दारात आल्या. "इज दॅट थिंग गोइंग टू गो ऑन ऑल डे, मी डक?" 'मी डक' म्हणजे इथलं लाडाचं 'बाळा'. स्वर गोड होता, पण पुढचं वाक्य कौन्सिलकडे तक्रार करण्याबद्दल होतं. आईनं माफी मागितली, त्यांच्या हातात चकल्यांचा डबा दिला आणि दार लावून बाबांना म्हणाली, "कौन्सिलचा माणूस दारात आला तर मी ऐकून घेणार नाही हं. मग फुटायची वाट बघायची नाही, आधीच बंद." बाबांनी नवा व्हॉल्व्ह मागवला. तो यायला वेळ लागणार होता. तोवर कंप्रेसर बंद, असं त्यांनी जाहीर केलं आणि ते पुन्हा गप्प गप्प बसायला लागले. दिनूकाकांची गाडी आत जॅकवर तशीच उभी.

मला ते गप्प बसणं सहन होत नव्हतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःला ती गन चालवायची होती, चाकाचे नट सोडवताना खांद्यापर्यंत येणारा तो थरकाप मला हवा होता. बाबा लायब्ररीत गेले असताना मी दोन ट्यूबांचा तो पक्का गोंद मिसळला, जो धातूला धातू धरून ठेवतो, आणि व्हॉल्व्हच्या दांडीभोवती भरला. नवा आला की हा फेकूनच द्यायचाय, मग काय फरक पडतो? गोंद मधासारखा दिसत होता. मी वरून काळं ग्रीस फासलं. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या बाबांनी गळती बघायला थोडी हवा भरली, तर सू सू बंद. बाबांनी कान लावला, हसले. "बसला बघ आपोआप. कचरा असेल आत."

ते रिंग ओढून बघणार, आणि ती हलणार नाही, आणि मग मला सांगावं लागणार, हे मी गृहीत धरलं होतं. माझी तयारीही होती. पण तो खंडेनवमीचा दिवस होता. आईनं सकाळीच गॅरेजात पाट मांडला होता. विंडी गन, पान्हे, ग्राइंडर ओळीनं ठेवले, झेंडू इथे त्या दिवसांत मिळतो, तो वाहिला, आणि कंप्रेसरला तिनं सगळीकडे हळद-कुंकू लावलं. टाकीला, पंपाला आणि त्या पितळी व्हॉल्व्हला, कारण तो वर टोकाला होता आणि तिला तो कंप्रेसरचा माथा वाटला. कुंकू तिनं पाण्यात घट्ट कालवलं होतं, ग्रीसवर टिकावं म्हणून. आमच्याकडे पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. ती विश्रांतीला बसतात. बाबांनी व्हॉल्व्हकडे हात नेला होता तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, आज नाही. आज बसू द्या त्यांना." आणि बाबांनी हात मागे घेतला. ते रोज न चुकता ओढायचे ती रिंग त्या दिवशी ओढली गेली नाही. मी नारळाचा प्रसाद खात उभी होते.

दसऱ्याला दिनूकाका गाडी न्यायला आले. त्यांना घाई होती, गाडी इतके दिवस अडकवून ठेवल्याची बाबांना लाज वाटत होती, आणि चाक चढवायचंच राहिलं होतं. बाबांनी स्विच टाकला. रिंगेवर कालचं कुंकू वाळून बसलं होतं. ते पुसायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. मोटर चालू झाली. दिनूकाका दारात उभे राहून जुने किस्से सांगत होते, बाबा चाकापाशी गुडघ्यावर. मी टाकीतला दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होते. काटा नेहमी जिथे थांबतो तिथे आला आणि मोटर थांबली नाही. सतत चालू-बंद होऊन त्या म्हाताऱ्या स्विचचे पॉइंट एकमेकांना चिकटून गेले होते, हे नंतर कळलं. काटा पुढे गेला. व्हॉल्व्ह उघडायला हवा होता. मला ठाऊक होतं तो का उघडत नाहीये. तोंडातून शब्द फुटायला हवा होता, "बाबा, बंद करा," एवढंच. पण तो म्हटला की पुढचं सगळंही म्हणावं लागणार होतं. मी वाट बघत राहिले, की बाबा स्वतःच बघतील.

घराकडचं दार उघडून आई आत आली. हातात ताटली, ताटलीत कुंपणावरची प्रिव्हेटची पानं. आपट्याची इथे मिळत नाहीत, म्हणून आम्ही तीच सोनं म्हणून वाटायचो. "आधी सोनं घ्या," ती म्हणाली, "श्रीखंड गार काढून ठेवलंय, मग—" बाबांनी वर बघितलं, तिच्याकडे नाही, काट्याकडे. "बाजूला हो!" ते ओरडले आणि प्लगकडे झेपावले. त्यांचा हात पोचायच्या आत पाइप फुटला. टाकीतली हवा गनपर्यंत नेणारा, तिच्या उजव्या खांद्याशी खुंटीवरून लोंबणारा जुना रबरी पाइप. तो आवाज मी लिहू शकत नाही. त्यानंतर काही क्षण कुठलाच आवाज नव्हता, फक्त हिरवी पानं हवेत उडत होती आणि आई कानावर हात धरून खाली बसली होती. तिच्या बोटांतून रक्ताची एक बारीक रेघ आली.

दिनूकाकाच तिला हॉस्पिटलात घेऊन गेले, त्यांची गाडी जॅकवर म्हणून शेजाऱ्याची मागून आणली होती त्या गाडीतून. बाबाही गेले. संध्याकाळी ते परत आले. कानाचा पडदा फाटलाय, आतही काही दुखावलंय, किती परत येईल सांगता येत नाही. ते कोट न काढता गॅरेजात गेले. मी मागे गेले. त्यांनी टाकी रिकामी केली, व्हॉल्व्ह सोडवला, दिव्याखाली धरला आणि टोकदार सुईनं कुंकू खरवडायला लागले. लाल पापुद्रा निघाला. मग काळं ग्रीस. मग ते थांबले. सुई मधाच्या रंगावर टिकटिक करत होती.

"हे काय आहे?"

मी खाली पडलेला लाल पापुद्रा बघत राहिले.

"मी विचारतोय, हे काय आहे?"

"गळत होतं म्हणून."

ते उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. मारतील असं वाटलं, त्यांनी कधी मारलं नव्हतं तरी. ते म्हणाले, "तिचं काम कानाचं आहे गं." एवढंच. मग त्यांनी व्हॉल्व्ह चिंधीत गुंडाळून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी आई घरी आली. सोफ्यावर बसून तिनं विचारलं, स्वतःचाच आवाज तिला लांबून येत असल्यामुळे जरा मोठ्यानं, "अहो, झालं कशामुळे?" मी दारात उभी होते. बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "कुंकू वाळून बसलं होतं व्हॉल्व्हवर. उघडलाच नाही तो."

आई बराच वेळ त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. "म्हणजे मी लावलेलं?"

"नकळत झालं गं. तुला काय माहीत."

मी तेव्हा बोलले नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं असतं तर कदाचित बोलले असते, पण ते बघतच नव्हते. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. कुलपाचा विषय आईनं काढला नाही. जिच्या हातून चूक झाली ती अट कशाची घालणार? गॅरेज चालू राहिलं. बाबांनी नवा पाइप, नवा स्विच, नवा व्हॉल्व्ह घेतला, सगळं निवडून, तपासून. धंदा चांगला चालला, माझ्या युनिव्हर्सिटीला त्याचा आधार झाला. आईचा उजवा कान परत आला नाही. काही महिने तिनं हेडसेट डाव्या कानाला लावून बघितला, पण एका कानानं तिला माणसं ओळखू येईनात. तिनं आपणहून रेकॉर्ड्स विभागात बदली मागितली, तळघरात, फायलींमध्ये. गॅरेजात ती पुन्हा कधी आली नाही. खंडेनवमीला बाबा एकटेच गनपुढे एक फूल ठेवायचे, कुंकवाशिवाय.

बाबांनी मला वाचवलं की गॅरेजला, हे मी त्यांना विचारू शकले नाही. तरुणपणी मला खात्री होती की मला. आता वाटतं, त्या वाक्यात दोन्ही होतं आणि ते स्वतःही वेगळं करू शकले नसते. आम्ही दोघांनी त्यावर पुन्हा एक शब्दही काढला नाही. एकमेकांवर प्रेम करत राहिलो आणि एकमेकांना टाळत राहिलो. ते जाऊन आता काही वर्षं झाली.

आईला सांगायचा प्रयत्न मी एकदा केला होता. ती भांडी घासत होती, मी पुसत होते, आणि मी तिच्या उजव्या बाजूला उभी होते. सगळं बोलून गेले. ती वळून म्हणाली, "काय गं? नळ चालू होता." मी म्हटलं, "काही नाही." कुठल्या बाजूला उभी आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

या वर्षी शेडसाठी कंप्रेसर घेतेय हे मी तिला सांगितलं. ती लेस्टरलाच राहते, लहानशा फ्लॅटमध्ये. ती हसली आणि म्हणाली, "घे गं, घे. फक्त माझ्यासारखं कुंकू लावून बसू नकोस त्याला." इतकी वर्षं झाली होती की तिनं त्याचा विनोद करून टाकला होता, स्वतःवरचा. मी खुर्ची उचलली, तिच्या डाव्या बाजूला ठेवली आणि सांगितलं.

सांगून झाल्यावर तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"यांना माहीत होतं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी माझ्यावरचा राग ऐकून घ्यायला तयार होऊन गेले होते.

"हो," मी म्हटलं. "त्याच संध्याकाळी."

"मी किती वेळा माफी मागितलीये त्यांची, तुला कल्पना आहे? तुमच्या हौसेच्या जागेत मी असं केलं म्हणून. शेवटी आजारी होते तेव्हासुद्धा."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, जाऊ दे आता." ती उठली, खिडकीशी गेली. "तू आज जा. उद्या ये, पण आज जा."

मी कोट घातला. नेहमी ती डबा भरून देते, त्या दिवशी दिला नाही. ट्रेनमध्ये मी पूर्ण वेळ हात मांडीवर ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले. तिचे डोळे सुजले होते, झोप झाली नव्हती. तिनं माझ्या गालाला हात लावला नाही, रागही केला नाही. टेबलाशी बसली, तिची डावी बाजू माझ्याकडे करून, आणि म्हणाली, "काल माझं निम्मं लक्ष नव्हतं. तो व्हॉल्व्ह कसा असतो, तू त्याला काय लावलंस, तो स्विच काय करतो, सगळं मला नीट समजावून सांग. घाई करू नकोस. माझ्या कानाचं काय झालं ते मला कळलं पाहिजे."

मी गळतीपासून सुरुवात केली.